गच्चीवरचे स्पिरुलिना उन्हाने मेले, गडग्यावरचे काळे शेवाळ मात्र तगले : जीवाणू जादा उजेडाचे करतात काय?

गच्चीवरचा शेतकरी (फोंडा), धागाकर्ता

नमस्कार. धाग्याचे निमित्त घरगुती आहे, परंतु प्रश्न आता माझ्या आवाक्याबाहेर गेला आहे, म्हणून येथे मांडतो.

हौस म्हणून मी घरी स्पिरुलिना, म्हणजे पाण्यात तंतूंच्या रूपात वाढणारे, खाण्याजोगे नीलहरित जीवाणू वाढवतो. जाणकार ज्याला कल्चर म्हणतात, त्याला आमच्या घरी विरजणच म्हणतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच विरजणातून मी वीस-वीस लिटरचे दोन पांढरे टब लावले. दोन्हींत लिटरमागे 16.8 ग्रॅम खाण्याचा सोडा, 2.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि बाकीचे क्षार नेहमीच्या मापाने घातले. विरजण थोडेच असल्यामुळे पाणी इतके फिकट होते की तळाशी राहून गेलेला स्टीलचा चमचा त्याच्या दांड्यावरच्या नक्षीसकट दिसत होता. एक टब पडवीच्या वळचणीला ठेवला आणि दुसरा, त्याला भरपूर ऊन मिळावे अशा सद्हेतूने, उघड्या गच्चीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी गच्चीवरच्या टबाचे पाणी वरणाच्या निवळीसारखे पिवळट झाले आणि चौथ्या दिवशी तळाशी पांढुरक्या तंतूंचा गाळ तेवढा उरला. वळचणीचा टब मात्र मजेत हिरवा होत गेला.

आता दुसरी बाजू पाहा. आमच्या घराभोवती चिऱ्यांचा जुना गडगा आहे. त्यावर जे काळे डाग असतात तेही नीलहरित जीवाणूंचेच, असे मी वाचले आहे. ते ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत सलग उन्हात भाजून निघतात आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर काही तासांत हिरवट, बुळबुळीत होऊन पुन्हा जिवंत दिसू लागतात.

प्रकाश हेच या मंडळींचे अन्न असेल, तर अन्न जास्त झाल्यामुळे कोणी चार दिवसांत मरावे आणि कोणी आठ महिने तग धरावा, हे कसे?

कुतूहल (म्हापसा)

दोष उजेडाला देण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. मे महिन्यात गच्चीवरचे पाणी सहज चाळीस अंशांच्या वर जाते आणि स्पिरुलिनाला ते मानवत नाही. दुसरे असे की नायट्रेट संपले तरी हे जीवाणू स्वतःची निळी प्रथिने मोडून त्यांतील नायट्रोजन वापरतात आणि त्यामुळेही पिवळे पडतात.

गच्चीवरचा शेतकरी

शंका रास्त आहेत. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टबात 37 अंश आणि वळचणीच्या टबात 34 अंश तापमान होते. नायट्रेट दोन्हींत सारखेच होते आणि इतक्या विरळ विरजणाला ते चार दिवसांत संपवणे शक्य नव्हते. म्हणून उजेडावर संशय आला.

तिसवाडीकर

संशय बरोबर असावा असे मला वाटते. हा विषय मी काही वर्षे शिकवला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा ‘प्रकाश हे अन्न आहे’ हे वाक्य थोडे सुधारावे लागेल. प्रकाश हा चुलीतील जाळ आहे आणि अन्न त्यावर शिजते. भर दुपारच्या निरभ्र उन्हात एका चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे 2,000 मायक्रोमोल इतके उपयोगी प्रकाशकण पडतात. बहुतेक नीलहरित जीवाणूंची शिजवण्याची क्षमता मात्र काही शेकड्यांतच संपते, कारण प्रकाशकण पकडण्याचे काम निमिषार्धाहून कितीतरी लवकर उरकते, तर त्यापुढील रासायनिक कामे, विशेषतः कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याचे काम, त्या मानाने फारच संथ चालते. पकडलेला आणि न वापरलेला प्रकाशकण हीच खरी अडचण आहे.

हरितद्रव्याचा रेणू उत्तेजित झाला आणि त्याची ऊर्जा कोणी घेतली नाही, तर तो काही नॅनोसेकंदांत एका अधिक काळ टिकणाऱ्या अवस्थेत घसरू शकतो. त्या अवस्थेत त्याची गाठ साध्या ऑक्सिजनशी पडली, तर ऑक्सिजनचे एक अत्यंत दाहक रूप तयार होते, ज्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात. ते आसपासची प्रथिने आणि पटलातील स्निग्ध द्रव्ये जाळत सुटते. गंमत अशी की ऑक्सिजन हा याच कारखान्याचा धूर आहे, म्हणजे ज्या ठिकाणी धोका सर्वाधिक त्याच ठिकाणी इंधनही सतत तयार होत असते. या माऱ्यात पहिला बळी जातो तो प्रकाशप्रणाली दोनमधील, म्हणजे पाणी फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रातील, डी-1 या प्रथिनाचा. कडक उन्हात ते इतक्या लवकर नासते की पेशीला तासाभराच्या आतच त्याच्या जागी नवे बसवावे लागते. जोवर बसवण्याचा वेग नासण्याच्या वेगाला पुरा पडतो, तोवर सर्व ठीक चालते. आपल्या टबात तो पुरा पडला नाही.

जुनी शिक्षिका (मडगाव)

मी भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे जीवाणूंविषयी मी विद्यार्थिनीच आहे. परंतु ‘पकडलेली आणि न वापरलेली ऊर्जा’ डोळ्यांनी पाहता येते, आणि तीही स्वयंपाकघरात, हे येथे नोंदवावेसे वाटते.

स्पिरुलिनाची बाजारात मिळणारी भुकटी एक चमचाभर घ्यावी, अर्धा पेला थंड पाण्यात कालवावी आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी ते पाणी न ढवळता पातळ मलमलीतून आणि मग कॉफीच्या गाळणकागदातून गाळावे. खाली उतरते ते गर्द निळे पाणी. हे फायकोसायनिन नावाचे प्रथिन होय. आता पेला काळ्या कापडासमोर धरून बाजूने प्रखर विजेरीचा झोत सोडावा किंवा तो खिडकीतील उन्हात धरावा. आरपार पाहिले तर पाणी निळेच दिसते, पण उजेड ज्या बाजूने शिरतो त्या बाजूने पाहिले तर त्याच पाण्यातून माणकासारखी लाल झाक निघते. माझ्या घरी आलेली शेजारची मुले प्रथम पेल्याच्या मागे लाल कागद लपवला आहे काय ते शोधू लागली होती.

ही लाल झाक म्हणजे प्रतिदीप्ती. जिवंत पेशीत हे प्रथिन पकडलेली ऊर्जा पुढच्या रंगद्रव्याकडे सोपवते. आपण त्याला पाण्यात एकटे पाडले, घेणारा कोणी उरला नाही, म्हणून ते ऊर्जा प्रकाशाच्याच रूपात टाकून देते. तेच पाणी गॅसवर चांगले कढत तापवले की प्रथिनाची घडी उलगडते आणि निळाई व लाली दोन्ही जातात. रंग एकट्या रंगद्रव्यात नसून प्रथिनाने त्याला ज्या ताणात धरून ठेवले आहे त्यात आहे, हे मुलांना सांगायला याहून सोपा प्रयोग मला सापडलेला नाही.

तिसवाडीकर

शिक्षिकाबाई, आपण माझे अर्धे काम केले, कारण याच लाल झाकेचा माग काढत या विषयातील मुख्य शोध लागला.

जिवंत पेशीत ही निळी प्रथिने सुटी नसतात. त्यांचे दांडे बनतात, दांडे एका गाभ्याला पंख्याच्या काड्यांसारखे जोडलेले असतात आणि हा सबंध पंखा पटलावर बसलेला असतो. त्याला फायकोबिलिसोम म्हणतात. काड्यांतील फायकोसायनिन नारिंगी-तांबडा प्रकाश पकडते, गाभ्यातील ॲलोफायकोसायनिन ती ऊर्जा गोळा करते आणि खाली हरितद्रव्याकडे उतरवते. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा सिनेकोसिस्टिस पीसीसी 6803 हा जीवाणू घेतला, तर एका पंख्यात अशी 396 रंगद्रव्ये असतात. (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकसंच सर्वप्रथम वाचला गेला तो हाच जीवाणू. ते 1996 साली झाले आणि पुढील कथेत त्याचा उपयोग आहे.)

आता संशोधकांना असे दिसले की या जीवाणूवर कडक निळा-हिरवा प्रकाश टाकला की फायकोबिलिसोमची प्रतिदीप्ती काही मिनिटांत मंदावते आणि अंधारात ठेवले की ती परत येते. तांबड्या प्रकाशाने मात्र तसे होत नाही. हे चक्रावून टाकणारे होते, कारण फायकोबिलिसोम स्वतः मुख्यतः नारिंगी-तांबडा प्रकाश खातो. याचा अर्थ, पंख्याची ऊर्जा काढून घेण्याचा हुकूम देणारा कोणी तिसराच होता आणि त्याचे डोळे निळ्या-हिरव्या प्रकाशाला उघडत होते.

असा एक उमेदवार कपाटात पडून होता. 1981 साली डेव्हिड क्रोगमन यांच्या प्रयोगशाळेतून नीलहरित जीवाणूंतील एका नारिंगी, पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाची नोंद झाली होती. कॅरोटिनॉइडे, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या जातीची पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये, सहसा तेलकट पटलात राहतात, त्यामुळे पाण्यात विरघळणारे कॅरोटिनॉइड-प्रथिन हे नवल होते, पण त्याचे काम काय हे पाव शतक ठरले नाही. 2003 साली शेरिल करफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. ते प्रथिन घेतले होते अर्थ्रोस्पायरा मॅक्झिमा या जीवाणूतून, म्हणजे धागाकर्त्याच्या टबातील स्पिरुलिनाच्या घराण्यातूनच. अखेर 2006 साली फ्रान्समध्ये डायना किरिलोव्स्की यांच्या गटाने सिनेकोसिस्टिसमधील त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकले आणि निळ्या-हिरव्या प्रकाशाने होणारी ती मंदावण्याची क्रिया पूर्णपणे नाहीशी झाली. असा जीवाणू प्रखर उजेडात अधिक लवकर इजा पावतो, हेही दिसले. या प्रथिनाचे नाव ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रोटीन असे आहे. पुढे मी ओसीपी असे लिहीन.

त्याचे चालणे असे आहे. ओसीपी हे दोन खोल्यांचे घर आहे आणि त्या दोन खोल्यांतून आरपार एक लांबट कॅरोटिनॉइड आडवा पडलेला असतो. एका खोलीतील दोन अमिनो आम्ले, एक टायरोसीन आणि एक ट्रिप्टोफॅन, हायड्रोजन बंधांनी त्याचे एक टोक धरून ठेवतात. या स्थितीत प्रथिन नारिंगी दिसते आणि काहीही करत नाही. कॅरोटिनॉइडने निळा-हिरवा प्रकाशकण टिपला की ते बंध सुटू शकतात. मग तो कॅरोटिनॉइड दुसऱ्या खोलीत 12 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) आत सरकतो. हे अंतर 2015 साली मोजले गेले, आणि प्रथिनाच्या आतील एखाद्या रंगद्रव्याने इतके सरकावे हे रेण्वीय मापाने पाहता लांबचाच प्रवास आहे. दोन्ही खोल्या एकमेकींपासून अलग होतात आणि प्रथिन लाल होते. परीक्षानळीत शुद्ध ओसीपीवर निळा झोत सोडला तर नारिंगी द्रावण पाहता पाहता सोलांच्या पाण्यासारखे लालसर होते आणि अंधारात ठेवले की पुन्हा नारिंगी होते.

लाल झालेले ओसीपी फायकोबिलिसोमच्या गाभ्याला जाऊन चिकटते. तेथे आलेली ऊर्जा हरितद्रव्याकडे उतरण्याऐवजी कॅरोटिनॉइडकडे वळते, आणि कॅरोटिनॉइडाची उत्तेजित अवस्था काही पिकोसेकंदच टिकत असल्याने ती तत्काळ उष्णता होऊन पाण्यात जाते. प्रतिदीप्ती मंदावते ती यामुळे.

पाणथळ (डिचोली)

फार सुंदर. आमच्या खाजनांतील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतील, मानशीचे (बांधातील पाण्याच्या वाटेचे) दार आठवले. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या रेट्याने लाकडी दारे आपोआप लागतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. माणसाने हात लावावा लागत नाही. ज्याच्यापासून बचाव करायचा त्याच्याच जोरावर दार चालवायचे, हेच ओसीपी करते असे म्हणता येईल ना?

जुनी शिक्षिका

स्वयंचलनापुरता दाखला उत्तम आहे, तरीही एक हरकत घ्यावीशी वाटते. मानस पाणी बाहेरच अडवते. तिसवाडीकरांच्या सांगण्यावरून असे दिसते की येथे प्रकाश अडवला जात नाही. प्रकाशकण आत येतो, पकडला जातो, पंख्याच्या काडीवरून गाभ्यापर्यंत वाहत येतो आणि मग फेकून दिला जातो. म्हणजे दाखला द्यायचाच झाला तर सांग्यातील साळावली धरणाचा तो गोल सांडवा अधिक जवळचा. पावसाळ्यात तेथे गर्दी होते ती सांडव्यातून कोसळणारे पाणी पाहायलाच. त्या सांडव्याला दारे नाहीत, पाणी काठाच्या वर चढले की जादा तेवढे आपसूक त्या विहिरीत पडते आणि खाली नदीला मिळते. धरणात येणारा ओहोळ कोणी बंद करत नाही.

तिसवाडीकर

हरकत मान्य, आणि ती महत्त्वाची आहे. मानशीसारखे बाहेर अडवणारे रंगद्रव्यही या जीवाणूंकडे असते. त्याविषयी गडग्याच्या संदर्भात लिहिणारच आहे. परंतु सांडव्याच्या दाखल्यातही एक भर घालतो, कारण ओसीपीची खरी करामत त्यातच आहे.

सांडव्याचा काठ बांधलेला असतो. ओसीपीचा काठ कशाने ठरतो? तर त्याच्या आळशीपणाने. ओसीपीने टिपलेल्या शंभर प्रकाशकणांमागे जेमतेम एक-दोनदाच ते नारिंगीचे लाल होते, बाकी सारे प्रकाशकण फुकट जातात. सामान्यतः प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांत ही उधळपट्टी दोष मानली गेली असती. येथे तोच गुण आहे. दुसऱ्या बाजूने, लाल रूप स्वतःहून सतत नारिंगीकडे परत येत असते. उजेड मंद असेल तर जितकी लाल होतात त्याहून लवकर ती परत फिरतात आणि साठा होतच नाही. उजेड प्रखर झाला तरच लाल होण्याचा वेग परतण्याच्या वेगावर मात करतो. मोजणारे वेगळे यंत्र नाही, स्मरणशक्ती नाही, केवळ दोन वेगांची ओढाताण आहे आणि तीच उजेडाची तीव्रता मोजते. ओसीपी जर चपळ असते, तर सकाळच्या कोवळ्या उन्हातच त्याने जेवणाचे ताट उचलून फेकायला सुरुवात केली असती. माझ्या मते या प्रथिनाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच.

परत येण्याची गती तापमानावरही अवलंबून असते. गारव्यात लाल रूप अधिक टिकते, उष्ण पाण्यात ते लवकर परतते. आपल्या हवेत, 37 अंशांच्या टबात, सांडवा चालू ठेवायला अधिक प्रखर उजेड लागतो, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

कुतूहल

एक शंका. ढग आला, सायंकाळ झाली, तर गाभ्याला चिकटलेले लाल ओसीपी तसेच राहिले तर पेशी उपाशी राहील. ते सोडवते कोण?

तिसवाडीकर

नेमका प्रश्न. त्यासाठी दुसरे प्रथिन आहे, फ्लुओरेसन्स रिकव्हरी प्रोटीन, म्हणजे एफआरपी. ते 2010 साली किरिलोव्स्की यांच्याच गटाने दाखवून दिले. सिनेकोसिस्टिसच्या जनुकसंचात ओसीपीच्या जनुकाचा क्रमांक 1963 आणि एफआरपीच्या जनुकाचा 1964 आहे, म्हणजे नासाडी करणारा आणि ती थांबवणारा शेजारीच राहतात. एफआरपी लाल ओसीपीला धरून गाभ्यापासून सुटे करते आणि त्याच्या दोन्ही खोल्या पुन्हा जुळवून देते.

2022 साली गोठवलेल्या नमुन्यांवरील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने ओसीपी चिकटलेल्या सबंध फायकोबिलिसोमचे चित्र मिळाले. 396 रंगद्रव्यांच्या त्या प्रचंड पंख्याला आवर घालायला केवळ चार ओसीपी पुरतात आणि ते दोन-दोनच्या जोड्यांनी गाभ्यावर बसतात. सर्व काड्यांतील ऊर्जेला गाभ्यातूनच जावे लागते, त्यामुळे नाक्यावर चौघे उभे केले की गावभर पहारा ठेवावा लागत नाही.

पाणथळ

किंचित बाजूला जातो, पण विषय तोच आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडील मिठागरांच्या कुंड्यांत पाणी गुलाबी होते आणि खाजनातील काळ्या चिखलावर कधी जांभळट थर दिसतो. तेही हेच जीवाणू काय? त्यांच्याकडेही ओसीपी असते काय?

तिसवाडीकर

दोन्ही वेगवेगळे आहेत आणि दोन्हींत ओसीपी नाही, कारण त्यांच्याकडे फायकोबिलिसोमच नाही.

मिठागराच्या गुलाबी पाण्यातील मंडळी मुख्यतः हॅलोआर्किया, म्हणजे खारटपणात रमणारे आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण निराळ्या कुळातील सूक्ष्मजीव) असतात. ते जीवाणूही नव्हेत आणि हरितद्रव्याने प्रकाशसंश्लेषण करणारेही नव्हेत. त्यांतील काहींकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळे प्रथिन असते, ते प्रकाशाच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलते. गुलाबी रंग बव्हंशी त्यांच्या कॅरोटिनॉइडांचा असतो आणि तो उन्हापासून संरक्षणाच्या कामी येतो. गोवा विद्यापीठात आपल्या मिठागरांतील हॅलोआर्कियांवर बरेच काम झालेले आहे.

चिखलावरचा जांभळा थर मात्र खऱ्या अर्थाने प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचा असू शकतो. हे जांभळे जीवाणू ऑक्सिजन सोडत नाहीत. कॅरोटिनॉइड बचावासाठी असतात याचा सर्वांत स्वच्छ पुरावा यांच्यातच मिळाला. 1955 साली रॉजर स्टॅनियर आणि सहकाऱ्यांनी अशा एका जीवाणूचा रंगीत कॅरोटिनॉइड न बनवणारा, निळा-हिरवा दिसणारा उत्परिवर्ती वाण वापरला. तो उजेडात हवेवाचून व्यवस्थित वाढला. अंधारात हवेत ठेवला तरी जगला. उजेड आणि हवा दोन्ही एकदम दिली, तेव्हा मात्र त्याचे हरितद्रव्य नष्ट झाले आणि तो मेला. वर ज्या सिंग्लेट ऑक्सिजनविषयी लिहिले आहे, त्याचा गुन्हा सिद्ध करणारी याहून नेटकी साक्ष क्वचितच मिळेल. साध्या, जंगली वाणात कॅरोटिनॉइड प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनांत हरितद्रव्याला खेटूनच बसलेले असतात आणि त्याची ती धोकादायक अवस्था जागच्या जागी शमवतात. तेथे कळ दाबायची नसते, पहारा कायमचा असतो.

गंधकावर जगणाऱ्या हरित जीवाणूंची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यांना ऑक्सिजनच विष असतो. त्यांच्या एफएमओ या रंगद्रव्य-प्रथिनातील दोन सिस्टीन अमिनो आम्ले ऑक्सिजनची चाहूल लागली की बदलतात आणि मग ऊर्जा पुढे न जाता वाटेतच विझते. ओसीपी उजेड मोजते, हे ऑक्सिजन हुंगते.

गच्चीवरचा शेतकरी

सर्व वाचून ज्ञान वाढले, पण दुःख कमी झाले नाही. ओसीपीची रचना स्पिरुलिनाच्या घराण्यातूनच मिळाली असेल, तर माझ्या टबातल्यांकडे सांडवा होता. मग ते बुडाले कसे?

तिसवाडीकर

कारण सांडव्यालाही मर्यादा असते. माझा तर्क असा आहे.

ओसीपी केवळ फायकोबिलिसोममार्गे येणारी ऊर्जा टाकून देते. हरितद्रव्य स्वतः थेट जो प्रकाश पकडते, त्यावर ओसीपीचा इलाज चालत नाही. तेथे पटलातील इतर कॅरोटिनॉइड, प्रखर उजेडात तयार होणारी छोटी प्रथिने आणि डी-1 ची दुरुस्ती यांवर भिस्त असते. दुसरे, आपले विरजण सावलीत वाढलेले असणार. सावलीतील पेशी प्रकाश दुर्मीळ समजून पंखे मोठे ठेवतात आणि ओसीपी बेताने बनवतात. प्रखर उजेड पडल्यावर ओसीपीचे जनुक अधिक जोमाने वाचले जाते खरे, पण प्रथिने घडवायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी डी-1 ची मागणीही वाढलेली असते.

तिसरे, आणि मला वाटते हेच निर्णायक ठरले, आपल्या चमच्याची नक्षी. दाट टबात वरचा थर खालच्यांना सावली देतो, पाणी ढवळले की प्रत्येक तंतू थोडा वेळ उन्हात आणि बराच वेळ अंधारात असतो, आणि त्या अंधारात दुरुस्ती उरकून घेतो. विरळ पाण्यात, त्यातही पांढऱ्या टबात, उजेड वरून येतो आणि तळावरून उलटूनही येतो. तेथे कोणालाच विसावा नाही.

आता गडगा. चिऱ्यावरचा काळा रंग बहुतांशी हरितद्रव्याचा नसून सायटोनेमिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. त्याची रासायनिक रचना 1993 साली उलगडली. हे प्रथिनाला जोडलेले नसते. पेशीबाहेरील चिकट आवरणात ते मुरलेले असते आणि अतिनील व निळसर प्रकाश पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच गिळते. पाणथळ यांची मानस शोभते ती येथे. शिवाय हे जीव पावसाळ्यानंतर पार वाळून जातात. वाळलेल्या अवस्थेत प्रकाशसंश्लेषण बंद असते आणि पकडली गेलेली थोडीफार ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. अशा ठिकाणी आढळणाऱ्या नॉस्टॉक या नीलहरित जीवाणूच्या कुळात ओसीपीच्या एकेका खोलीएवढी सुटी प्रथिनेही सापडतात, जणू घराचे दोन भाऊ वेगळे निघाले आहेत. त्यांतील काही सिंग्लेट ऑक्सिजन शमवतात, तर एखादे ओसीपीप्रमाणे फायकोबिलिसोमचीही ऊर्जा विझवते, आणि त्याला उजेडाने कळ दाबावी लागत नाही.

थोडक्यात, गडग्यावरच्यांनी उन्हात काम करायचेच नाकारले आहे. आपल्या टबातल्यांकडून आपण भर उन्हात काम करवून घेत होता.

जुनी शिक्षिका

एक व्यावहारिक सूचना करते. उजेड निम्मा करणारी हिरवी जाळी रोपवाटिकेत मिळते, पण हिरवी जाळी हिरवा उजेड खाली सोडते. पांढरी किंवा काळी घ्यावी, म्हणजे ओसीपीला जो निळा-हिरवा उजेड दिसतो आणि पंख्याला जो तांबडा मिळतो, त्यांचे प्रमाण फारसे बिघडणार नाही.

गच्चीवरचा शेतकरी

सर्वांचे आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे.

वळचणीच्या टबातील विरजणाचे दोन भाग केले. एक भाग पुरेसा दाट ठेवून काळ्या जाळीखाली गच्चीवर नेला आणि सकाळी आठपर्यंत व सायंकाळी चारनंतर जाळी काढून ठेवली. तापमान 36 अंशांपर्यंत गेले. पाणी दिवसातून चार वेळा लाकडी उलथन्याने ढवळले. दुसरा भाग मुद्दाम विरळ करून एका लहान बरणीत, जाळीशिवाय, त्याच गच्चीवर ठेवला. बरणी तिसऱ्या दिवशी पोपटी आणि चौथ्या दिवशी पिवळी झाली. टब हिरवाच आहे, किंबहुना आता त्यावर निळसर तवंगासारखी छटा आली आहे. शिक्षिकाबाईंची विजेरी रात्री दोन्हींवर धरून पाहिली. बरणीत काहीच दिसले नाही. टबातही ती लाली दिसली नाही, आणि ऊर्जा घेणारा कोणीतरी तेथे अजून आहे म्हणून ती दिसत नसावी असे मी समजतो.

चमचा आता मोजमापाला ठेवला आहे. दांड्यावर खुणा केल्या आहेत. पहिल्या दिवशी तो सात सेंटीमीटर खोलीपर्यंत दिसत होता, आज सकाळी चारवर दिसेनासा झाला. उद्यापासून जाळी नऊ वाजता घालीन.